छातीवरचा पट्टा

मुलगी : आणि हा? हा कशाला घेतलात बॅगेत?

बाबा : टॉवेल आहे तो. दवाखान्यात टॉवेल लागतो.

मुलगी : टॉवेलात गुंडाळलंय काय, ते विचारतेय मी.

बाबा : तू माझी बॅग उचकतेस कशाला? चष्मा काढ म्हटलं होतं, चष्मा. वरच्या कप्प्यात असेल.

मुलगी : चष्मा तुमच्या कपाळावर आहे.

बाबा : अरेच्चा! बरं, मग ठेव बॅग खाली.

मुलगी : बाबा, हा पट्टा मी तुम्हाला भट्टीत टाकायला दिला होता. माझ्यासमोर घेऊन गेलात तुम्ही.

बाबा : गेलो होतो. नाही टाकवला. गुराच्या पाठीचं कातडं आहे ते, एक डाग नाही त्याच्यावर. असलं कातडं जाळायचं म्हणजे पाप आहे.

मुलगी : आणि ही भोकं कुणी पाडली?

बाबा : मीच. अठ्ठेचाळीस आहेत. वारा खेळेल आता आत. मागच्या वेळी तीच तर चूक झाली होती.

मुलगी : म्हणजे परत बांधणार तुम्ही!

बाबा : कुठं म्हटलं मी बांधणार?

मुलगी : मग भोकं कशाला पाडलीत? भिंतीवर टांगायला?

बाबा : ओरडू नकोस. शेजारच्या खोलीतला माणूस आत्ताच झोपलाय. किती वाजले?

मुलगी : चारला पाच कमी. मघाशी विचारलंत तेव्हा चारला सात कमी होते. बसा ना हो एका जागी! खिडकी, दार, खिडकी, दार. बघूनच मला गरगरायला लागलंय.

बाबा : उद्यापासून पडूनच राहायचंय. आज फिरू दे. डॉक्टरबाई चारला येते म्हणाल्या होत्या ना कातडं दाखवायला?

मुलगी : कातडं म्हणू नका त्यांच्यासमोर. पडदा म्हणतात त्या.

बाबा : गुराच्या काळजाभोवती असतो ना तो? मग कातड्याचाच चुलतभाऊ. चाळीस वर्षं बूट शिवले मी, मला नको शिकवू. माझ्या छातीत बसणार आहे तर हात लावून बघणारच. गिऱ्हाईक चामडं बघितल्याशिवाय बुटाचं माप तरी देतं का?

मुलगी : बघा की. त्या आणणारच आहेत. पण त्या आल्या की मी त्यांना सांगणार आहे.

बाबा : काय सांगणार?

मुलगी : पट्ट्याचं.

बाबा : खबरदार! झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगी : कसली मूठ, बाबा? पू झाला होता! गाठीबरोबर तीन बरगड्या काढल्या, तिथं प्लास्टिकची जाळी बसवली, आठव्या दिवशी तुम्ही चालत घरी आलात. सगळं छान होतं. मग मी तुम्हाला हा पट्टा शिवून दिला आणि पाच आठवड्यांत आत सगळं नासलं.

बाबा : पट्ट्यानेच नासलं हे कशावरून?

मुलगी : मग कशाने? जाळी काढली, तीन महिने जखम धुतली, आता तिथं नुसता खड्डा आहे. श्वास आत घेतला की तुमची छाती आत जाते. माणसाची बाहेर येते, तुमची आत जाते! मला बघवत नाही ते. जिना चढताना मी मुद्दाम पुढं चालते, कळलं का?

बाबा : मला वाटलं, तुला घाई असते.

मुलगी : आणि परवा त्या काय म्हणाल्या? हा दुसरा प्रयत्न. हाही बिघडला तर तिसऱ्यांदा टाका धरायला चांगलं मांस उरणार नाही तिथं. ऐकलंत ना?

बाबा : ऐकलं म्हणून तर सांगायचं नाही! आज कळलं आणि त्या म्हणाल्या, असल्या अडाणी माणसाला मी हात लावत नाही, मग कुणाच्या पाया पडू? आणि लावला हात, तरी बोलणार तुलाच. टाका तुझा आहे. मला काय वाट्टेल ते बोलू देत, माझी पाठ निबर आहे. तुला कुणी बोललेलं मला ऐकवत नाही.

मुलगी : माझ्यासाठी गप्प बसताय होय?

बाबा : दार वाजलं. टॉवेलात गुंडाळ ते. गुंडाळ आधी!

डॉक्टर : काका, उभे का तुम्ही? बसा. बसा म्हणतेय ना. उशीर झाला, खालची केस लांबली. हा घ्या तुमचा हट्ट. मुदत संपलेला तुकडा आहे, शिकवण्यासाठी ठेवतो आम्ही. हा खराब झाला तरी चालेल, उद्याचा वेगळा आहे, बंद पाकिटात. हं, धरा.

बाबा : ओला आहे.

डॉक्टर : ओलाच ठेवायचा असतो. मिठाच्या पाण्यात धुवायचा आणि लगेच वापरायचा. वाळला की कामातून गेला.

बाबा : आमचं ओलं राहिलं तर कामातून जातं. पातळ आहे हो फार! एवढ्याशाने काम भागेल?

डॉक्टर : तुमच्या अंदाजापेक्षा चिवट आहे तो. आणि एकटा नाही राहणार. पाठीतला एक रुंद स्नायू आम्ही पुढं वळवून घेतो, तो वरून पांघरायचा. त्या स्नायूचं रक्त चालू असतं, त्यामुळे हळूहळू शरीर ह्या पडद्यातही आपल्या रक्तवाहिन्या घालतं. प्लास्टिकला ते जमत नाही. एकदा जंतू झालेल्या जागी परत प्लास्टिक ठेवलं तर जंतू त्याच्या आडोशाला दडून बसतात. म्हणून हा.

बाबा : ही बाजू गुळगुळीत. ही खरबरीत. गुळगुळीत आत ना, फुफ्फुसाकडं?

डॉक्टर : हो. म्हणजे फुफ्फुस चिकटत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?

बाबा : कोण सांगणार? मऊ बाजू पायाकडं, हे बूट शिवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. आणि बाई, हे बघा. असा ओढला तर देत नाही, म्हणजे लांबत नाही. आता आडवा ओढतो. दिला की नाही?

डॉक्टर : बघू. हो, थोडा देतोय.

मुलगी : थोडा नाही मॅडम, चांगला देतोय. डोळे मिटून ओढा, बोटांना कळतं.

डॉक्टर : अं... खरंच की. आम्ही ताण देऊन बसवतो, कारण नंतर हा आणखी सैल पडतो, ते माहीत आहे आम्हाला. पण कुठल्या बाजूने, ते मी इतकं बारकाईने नव्हतं बघितलं.

बाबा : कलबुतावर, म्हणजे लाकडी पायावर, कातडं चढवताना न देणारी बाजू आम्ही बोटांकडून टाचेकडं ठेवतो. उलटं केलं तर बूट चार दिवसांत पसरतो. गिऱ्हाईक येतं शिव्या घालत.

डॉक्टर : माझं गिऱ्हाईक शिव्या घालत नाही, तेच वाईट आहे. काका, खरं सांगू? मला उद्याची भीती वाटतेय. मागच्या वेळी काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. थिएटर दोनदा धुवून घेतलं. पाणी तपासलं, हातमोजे बदलले, टाक्यांचा दोरा बदलला. जे कळलंच नाही ते परत होणार नाही, असं मी कशाच्या जोरावर म्हणू? शेवटी त्या सिस्टरला बाजूला केलं.

बाबा : कुठल्या सिस्टरला?

डॉक्टर : तुमचं ड्रेसिंग करायची ती. ठेंगणी.

मुलगी : गाणं गुणगुणायच्या त्या?

डॉक्टर : हो, तीच. तिच्याच हातून स्वच्छतेत काहीतरी राहिलं असणार, असं ठरलं. ठरलं काय, मीच ठरवलं. सगळ्यांसमोर बोलले तिला. तिला खाली औषधांच्या भांडारात बसवलंय, जखमेला हात लावू देत नाही.

बाबा : तिला? अहो, ती हात किती वेळा धुवायची! मी चेष्टा करायचो तिची, पोरी, कातडं निघेल तुझ्या हाताचं.

मुलगी : बाबा.

बाबा : तू गप.

मुलगी : बाबा, आता तरी. नाहीतर मी बोलते.

बाबा : मी बोलतो म्हटलं ना! बाई, त्या पोरीचा काही दोष नाही. दोष माझा आहे. टॉवेल दे गं इकडं. हे बघा. घरी गेल्यावर मी हा बांधत होतो.

डॉक्टर : हे काय आहे? कातड्याचं आहे?

बाबा : पट्टा आहे. छातीला. मीच शिवला.

डॉक्टर : जखमेवर?

बाबा : जखमेवरच. उठल्यापासून झोपेपर्यंत, बक्कल आवळून. पाच आठवडे.

डॉक्टर : पाच आठवडे! आणि घाम?

बाबा : यायचा. आत ओलं असायचं कायम. टाक्यांची एक कड जरा उघडली होती, तिथून पाणी झिरपायचं. मी कापूस ठेवायचो आणि वरून आवळायचो. तेव्हा भोकं नव्हती त्याला.

डॉक्टर : पण तुम्ही दर सोमवारी माझ्याकडे येत होतात! मी स्वतः बघत होते जखम!

बाबा : सोमवारी सकाळी काढायचो. पुसून घ्यायचो, पावडर मारायचो आणि यायचो. पाणी आलेलं तुम्हाला दिसायचं, तुम्ही विचारायचात, मी म्हणायचो कालपासूनच आलंय.

डॉक्टर : पावडर मारून! काका, अहो काय हे! आठ महिने मी आमच्याच माणसांना धारेवर धरतेय! ती मुलगी माझ्यासमोर रडली, मी तिला म्हटलं, रडून जंतू मरत नाहीत. असं म्हटलं मी तिला!

मुलगी : मॅडम, पट्टा त्यांनी नाही शिवला.

बाबा : मी शिवला म्हणतोय ना!

मुलगी : टाका बघा मॅडम. हा तिरका पडलाय ना, डावीकडं? मी डावखुरी आहे. बाबांचा टाका उजवीकडं कलतो, आमच्या दुकानात कुणीही ओळखेल. पट्टा मी शिवला. त्यांनी मागितलाही नव्हता. मीच म्हटलं, थांबा, करून देते.

बाबा : लहान होती तेव्हापासून अशीच आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला एक पाय पुढं.

डॉक्टर : मला एकच कळत नाही. का? दवाखान्याचा कापडी पट्टा दिला होता ना?

मुलगी : तो वर सरकायचा. आठवड्यात त्याची चिकटपट्टी सुटली. बाबा तो दोन्ही हातांनी धरून बसायचे, जेवताना मी भरवायचे.

डॉक्टर : पण एवढं आवळायचंच कशाला? मी दर वेळी विचारलं होतं, दुखतं का. दर वेळी तुम्ही नाही म्हणालात. हे बघा, लिहिलंय. दुखत नाही. दुखत नाही. दुखत नाही. खोटं सांगितलंत?

बाबा : नाही हो. दुखत नव्हतंच.

डॉक्टर : मग?

बाबा : हलत होतं.

डॉक्टर : काय हलत होतं?

बाबा : आतलं. जाळी म्हणा, काय म्हणा. खोकलो की तिथं फडफडायचं. मापापेक्षा मोठा बूट घातला की कसं होतं? पाय एक चालतो आणि बूट एक चालतो. तसं. मला वाटायचं, एक मोठी ढास लागली की काळीज बाहेर येईल आणि पडेल पुढ्यात. मी घाबरलो होतो बाई. ह्या वयात पोरीसमोर रडलो. मग तिने शिवला तो. आवळला की हलायचं थांबायचं, जीव शांत व्हायचा. तुम्ही विचारायचात दुखतं का. मी म्हणायचो नाही. हलतं का, असं कुणी विचारलं नाही.

डॉक्टर : तुम्ही होऊन सांगायचं ना!

बाबा : मला काय माहीत? मला वाटलं, तीन बरगड्या गेल्यावर माणसाचं हलतच असेल.

डॉक्टर : कधीपासून हलत होतं? घरी गेल्यावर?

बाबा : शुद्धीवर आलो तेव्हापासून.

डॉक्टर : पहिल्या दिवसापासून.

बाबा : पहिल्या खोकल्यापासून.

डॉक्टर : म्हणजे सैल बसली होती ती. घट्ट बसलेली जाळी पहिल्या दिवशी फडफडत नाही. मी बसवली होती. मीच ताण कमी ठेवला, बरगड्यांच्या कडा कमजोर वाटल्या म्हणून. आणि मग आठ महिने पाणी तपासत बसले.

बाबा : बाई, आता तुम्ही बसा. खुर्ची दे गं त्यांना.

डॉक्टर : नको. बसवत नाही मला. रागावलेय मी तुमच्यावर, काका. अजून उतरलेला नाही राग. तिच्यावर पण.

मुलगी : बोला मॅडम. बोलाच.

डॉक्टर : काय बोलू? तू पट्टा शिवला नसतास तर कदाचित पू झाला नसता. आणि मी जाळी नीट ताणली असती तर तुला पट्टा शिवावा लागला नसता. कोणाला काय बोलायचं?

बाबा : तेवढं सांगा बाई. उद्या करणार ना?

डॉक्टर : करणार नाही तर काय! आता तर मला कळलंय काय चुकलं ते. सकाळी साडेसातला नेणार तुम्हाला. तो पट्टा इकडे द्या.

बाबा : चांगलं पाठीचं कातडं आहे हो...

मुलगी : बाबा!

बाबा : घ्या. घ्या बाई. जाळू नका तेवढं.

डॉक्टर : आणि ह्यापुढं बूट छातीला टेकवून टाका ओढायचा नाही. कायमचा.

बाबा : मग कुठं टेकवू? डोक्याला?

मुलगी : मी ओढते टाका. तुम्ही बसून कापायचं.

डॉक्टर : ह्या पडद्याच्या तुकड्यावर मला पेनाने खूण करून दे. देणारी बाजू, न देणारी बाजू. उद्या पाकीट उघडलं की आधी ओढून बघणार मी. न देणारी बाजू वरच्या बरगडीपासून खालच्या बरगडीपर्यंत. बरोबर ना, काका?

बाबा : बरोबर. आणि हात आखडू नका.

डॉक्टर : नाही आखडणार. चला, जाते. आधी खाली भांडारात जायचंय मला.

बाबा : त्या पोरीकडं? थांबा, मी पण येतो. मलाही तोंड दाखवायला हवं तिला. माझी चप्पल कुठं गेली?

मुलगी : पायात आहे, बाबा.

(सहा दिवसांनंतर. तीच खोली, सकाळची वेळ.)

डॉक्टर : दुखतंय का?

बाबा : दुखतंय. मरणाचं दुखतंय. पाठीतही दुखतंय आणि पुढंही दुखतंय. लिहून घ्या.

डॉक्टर : लिहिलं. आणि हलतंय का?

बाबा : ते नाही सांगता येत.

डॉक्टर : का? खोकता तेव्हा काय वाटतं?

मुलगी : खोकतच नाहीत मॅडम. सहा दिवस नुसतं खाकरताहेत. गुणगुणणाऱ्या सिस्टर पण थकल्या सांगून.

बाबा : चुगली झाली? मला वाटलं, एवढी चुगली केल्याशिवाय राहशील. ती सिस्टर पण कमी नाही. माफी मागितली तर म्हणाली, माफी नको काका, खोकून दाखवा.

डॉक्टर : बरोबर बोलली ती. आत कफ साठला तर न्यूमोनिया होईल, मग माझं सगळं शिवणकाम फुकट. आज खोकायचं. आत्ता. माझ्यासमोर.

बाबा : पट्टा कुठाय?

डॉक्टर : माझ्या कपाटात.

बाबा : बांधत नाही हो. नुसता हातात धरतो.

डॉक्टर : नाही.

बाबा : बाई, सगळं कळतंय मला. पण छाती ऐकत नाही ना. खोकला वर आला की आपोआप गिळतो मी.

मुलगी : मी हात ठेवू का मॅडम? नुसता.

डॉक्टर : ठेव. पट्टीच्या वर, सपाट. दाबायचं मात्र नाही. कातड्यावर ठेवतेस तसा.

बाबा : फुटलं तर?

मुलगी : फुटलं तर टाका घालते. तिरका.

बाबा : हसवू नकोस गं, कळ येते.

डॉक्टर : श्वास घ्या. आणखी. आणखी घ्या. सोडा. पुन्हा घ्या. आता खोका.

बाबा : थांबा. किती वाजले?

मुलगी : बाबा!

बाबा : बरं, बरं. ख्... ख्हं.

डॉक्टर : हे खाकरणं झालं. पोटातून येऊ दे.

बाबा : खॉक्. खॉक्! आई गं... खॉक्! खॉक्! खॉक्!

डॉक्टर : शाब्बास. आला कफ, थुंका ह्यात. तुझ्या हाताला काय लागलं?

मुलगी : थांबा मॅडम, डोळे पुसू दे.

डॉक्टर : अगं, रडतेस काय? सांग ना!

मुलगी : काही नाही, मॅडम. काहीच नाही लागलं हाताला. जराही हललं नाही.

बाबा : नीट बघितलंस? बोटांनी?

मुलगी : नीट बघितलं.

बाबा : मग काढ की हात. हवा लागू दे जरा.